कोलंबोच्या पडद्यामागे: कोट, गाडी, कुत्रा आणि 'आणखी एकच गोष्ट'

अनवट

शेरलॉक आणि प्वारोवर आपल्याकडे कितीतरी धागे निघाले, पण कोलंबोवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय. रहस्यभेदाची फार काळजी नको. या मालिकेत खून कुणी केला, कसा केला, हे सुरुवातीलाच डोळ्यांदेखत दाखवतात. मला इथे कथानकांपेक्षा मालिका घडली कशी त्याबद्दल बोलायचंय.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. लेफ्टनंट कोलंबो हा लॉस एंजेलिस पोलिसांच्या खून-तपास विभागातला अधिकारी. चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, विस्कटलेले केस. भूमिका पीटर फॉकची. समोरचा खुनी मात्र कायम बडा माणूस: सर्जन, वकील, लेखक, वाद्यवृंदाचा संचालक. त्याला वाटतं, या गबाळ्या माणसाला काय कळणार! आणि हा त्याच्या घरी जाऊन बायकोच्या गोष्टी सांगत, खिशात पेन्सिल शोधत, भारी गालिच्यावर राख सांडत त्याचा पिच्छा पुरवतो. 'एनबीसी' या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीवर १९६८ आणि १९७१ मध्ये एकेक चित्रपट, मग १९७१ ते १९७८ मालिका, आणि पुढे 'एबीसी'वर १९८९ ते २००३. एकूण भाग ६९. प्रत्येक भाग जवळपास सिनेमाएवढा लांब.

त्याचं ते प्रसिद्ध वाक्य घ्या. निरोप घेऊन तो दारापर्यंत जातो. खुन्याचे खांदे सैल पडतात, कुणी ग्लास उचलतो, कुणी फोनकडे हात नेतो. तेवढ्यात दारातून कोलंबोचं डोकं पुन्हा आत. "हां, आणखी एकच गोष्ट..." खरा प्रश्न तो तेव्हा विचारतो. उलटतपासणीचं शास्त्र अभ्यासून कुणीतरी ही युक्ती काढली असेल असंच वाटतं. प्रत्यक्षात घडलं ते असं. मालिकेचे जन्मदाते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी मूळ नाटकाचा एक प्रवेश टाइप केला. कोलंबो खोलीबाहेर पडला. मग लक्षात आलं की प्रवेश आखूड झालाय, त्यानं अजून काहीतरी विचारायला हवं होतं. जमाना टाइपरायटरचा. मधे वाक्यं घालायची तर अख्खा प्रवेश पुन्हा बडवायचा. त्यापेक्षा त्यांनी कोलंबोलाच दारातून परत आणला! लिंक यांनी हा किस्सा मुलाखतींमधून सांगितलेला आहे.

कोटाचंही तसंच. तो फॉकचा स्वतःचा. न्यूयॉर्कला ५७ नंबरच्या रस्त्यावरून जाताना पाऊस आला, समोरच्या दुकानात शिरून १५ डॉलरला घेतला. भूमिका मिळाल्यावर वेशभूषा विभागानं काढून ठेवलेले कपडे त्याला पटेनात, तेव्हा घरच्या कपाटातून हा कोट काढून आणला. लॉस एंजेलिसमध्ये पाऊस तो कितीसा पडतो, पण कोट काही अंगावरून उतरला नाही.

माझं मत असं की कोलंबो कुणी एकानं बसून आखला नाही. निम्मा टाइपरायटरवर घडला आणि निम्मा फॉकच्या कपाटात. तुम्हाला काय काय ठाऊक आहे ते इथे लिहा.

निशिगंध

वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद नंतर देते. टाइपरायटरचा किस्सा अफलातून आहे.

रातकिडा

धागा आवडला, पण ही निम्म्या-निम्म्याची वाटणी मला मान्य नाही. कोलंबो हा लेखकांचा आहे, फॉक नंतर आला.

फॉकच्या आधी दोन कोलंबो होऊन गेलेत. १९६० मध्ये 'एनबीसी'च्या 'शेव्ही मिस्टरी शो'मध्ये 'इनफ रोप' नावाचा भाग झाला, त्यात बर्ट फ्रीड कोलंबो होता. त्या भागाचंच पुढे 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हे नाटक झालं. ते जानेवारी १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रंगमंचावर आलं. खुनी डॉक्टरच्या भूमिकेत जोसेफ कॉटन, त्याची बायको अ‍ॅग्नेस मूरहेड, आणि कोलंबो म्हणून थॉमस मिचेल. 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटचे वडील झालेले तेच. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. जाहिरातीत नाव मोठं कॉटनचं, पण प्रेक्षकांचा जीव जडायचा तो दुसऱ्याच प्रवेशांमध्ये डोकावणाऱ्या या पोलिसावर. लेखकांनाही तेव्हाच कळलं की आपल्या हातून चुकून नायक तयार झालाय. मिचेल त्याच वर्षी डिसेंबरात गेले. नाटक गावोगाव फिरलं, ब्रॉडवेपर्यंत मात्र पोचलं नाही.

१९६८ च्या चित्रपटासाठी आधी ली जे. कॉब आणि बिंग क्रॉस्बी यांचा विचार झाला होता. लेखकांच्या डोक्यात वयस्कर माणूस होता. फॉक तेव्हा चाळिशीचा. संहिता त्याच्या हातात पडली आणि त्यानं स्वतःहून ही भूमिका मागितली.

आणि मूळ रचना! आधी गुन्हा दाखवायचा, मग तपास, ही पद्धत आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या 'द सिंगिंग बोन'मध्ये वापरली होती. कोलंबोचा स्वभाव लेखकांनी सरळ दस्तयेव्हस्कीकडून घेतला. 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला पोर्फिरी पेत्रोविच आठवा. खुनी रास्कोल्निकोव्हच्या भोवती घिरट्या घालणारा, भलतंच बोलत राहणारा, सगळं समजलेलं असूनही न समजल्यासारखा वागणारा. लेव्हिन्सन-लिंक यांनी हे ऋण मान्य केलेलं आहे. त्यामुळे बीज कुठलं, याबद्दल मला तरी शंका नाही.

अनवट

रातकिडा, माहिती भारी आहे. तरी माझा मुद्दा सोडत नाही. १९६८ चा 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' आज बघा. लेखक तेच, संहिता तीच. फॉकही तोच, पण केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं धारदार. एका प्रसंगात तर तो एका बाईवर चक्क ओरडतो. तो आपला कोलंबो नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत फॉकनं त्याला एकेक सवय देत देत मऊ केला. चित्रीकरण चालू असताना तो मधेच संहितेत नसलेलं काहीतरी करायचा. पेन्सिल मागायचा, खिसे चाचपायचा, भलत्याच वस्तूबद्दल विचारायचा. समोरच्या नटाला ते आधी माहीत नसायचं. खुन्याच्या चेहऱ्यावर जी चिडचिड दिसते ती बरेचदा खरीखुरी आहे.

सुमेधा_क

फॉकबद्दल थोडं लिहिते, कारण त्या माणसाचं आयुष्यच एक कथा आहे.

तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसवला. म्हणून कोलंबोची ती तिरकी नजर. शाळेत बेसबॉल खेळताना एकदा पंचानं त्याला बाद दिलं. निर्णय चुकीचा आहे असं याचं ठाम मत. यानं काचेचा डोळा काढला आणि पंचापुढे धरला, "घ्या, तुम्हाला याची जास्त गरज आहे."

सरळ अभिनयाकडेही तो आलेला नाही. व्यापारी जहाजावर स्वयंपाकी होता. मग सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात कार्यक्षमता-तज्ज्ञ म्हणून नोकरी धरली. खात्यांचं काम कसं सुरळीत चालेल हे बघणारा माणूस, आणि पुढे जगभर ओळखला गेला तो खिशात कागद न सापडणारा पोलीस म्हणून. हॉलिवूडमध्ये 'कोलंबिया' स्टुडिओच्या हॅरी कोन यांनी त्याला नाकारलं, कारण तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळत होता. पुढे १९६० आणि १९६१ च्या चित्रपटांसाठी त्याला लागोपाठ दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालं.

मालिकेत कोलंबोचा डोळा काचेचा आहे की नाही हे कित्येक वर्षं कुणी बोललंच नाही. १९९७ च्या 'अ ट्रेस ऑफ मर्डर'मध्ये तो सहकाऱ्याला बरोबर बघायला सांगताना म्हणतो, एकापेक्षा तीन डोळे बरे. हिशेब तुम्हीच करा. इतक्या वर्षांनी, एवढ्या सहजपणे ते कबूल केलंय की मला ते वाक्य ऐकून फार भरून आलं.

टंकलेखक

कोट झाला, आता गाडी. पजो ४०३, छत उघडणारी, १९५९ सालची. ही निवडही फॉकचीच. युनिव्हर्सल स्टुडिओच्या गाड्यांच्या गराजमध्ये त्याला हवं ते काही दिसेना. मग एका कोपऱ्यातून एका गाडीचं नाक डोकावताना दिसलं. रंग उडालेला, टायर बसलेला. हीच पाहिजे, म्हणाला. गंमत म्हणजे या प्रकारच्या गाड्या मुळात सुमारे दोनच हजार बनल्या होत्या, म्हणजे गाडी दुर्मीळ. आपल्याला मात्र ती भंगारात काढायला आलेली वाटते. मालिकेत कुणी ना कुणी तिला नावं ठेवतंच, आणि कोलंबो दर वेळी मनापासून तिची बाजू घेतो.

कुत्र्याला मात्र फॉकचा विरोध होता. १९७२ मध्ये दुसरं पर्व सुरू होताना बासेट हाउंड जातीचा कुत्रा आणायचं ठरलं. फॉकचं म्हणणं, कोट आहे, गाडी आहे, सिगार आहे, कधीच न दिसणारी बायको आहे, आता आणखी कशाला? मग त्याला कुत्रा दाखवला. जमिनीला टेकलेले कान, ओघळलेलं तोंड, जागचा हलायला तयार नाही. फॉकनं बघितलं आणि विरोध संपला. 'एट्यूड इन ब्लॅक' या भागात तो पहिल्यांदा दिसतो. त्याला शेवटपर्यंत धड नाव मिळालं नाही. कोलंबो त्याला 'डॉग' म्हणतो.

पावसाळी

मस्त चाललाय धागा. माझ्याकडून एका भागाविषयी सविस्तर, कारण तो मी पुन्हा पुन्हा बघते.

मालिकेचा पहिला नियमित भाग, 'मर्डर बाय द बुक', १५ सप्टेंबर १९७१ ला दाखवला गेला. दिग्दर्शक २४ वर्षांचा मुलगा, नाव स्टीव्हन स्पीलबर्ग. पटकथा स्टीव्हन बॉच्को यांची, ज्यांनी पुढे 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही मालिका आणली.

सुरुवात बघा. पडद्यावर रस्त्यानं येणारी गाडी दिसते, पण गाडीचा आवाज नाही. रहदारीचाही नाही. ऐकू येतो तो फक्त टाइपरायटर. खट, खट, खट. उंच इमारतीतल्या ऑफिसात एक लेखक कथेचं शेवटचं पान टाइप करतोय आणि खाली त्याच्याकडे येणारा त्याचा भागीदार. दोन्ही एकमेकांत गुंफलेलं, आणि आवाज फक्त त्या यंत्राचा. पार्श्वसंगीतकार बिली गोल्डनबर्ग यांनी टाइपरायटरचा आवाज पुढे संगीतातही वापरलाय. एक शब्द न बोलता पोटात गोळा आणतो तो प्रसंग.

छायाचित्रकार होते रसेल मेटी. 'स्पार्टाकस'साठी ऑस्कर घेतलेले, ऑर्सन वेल्सबरोबर 'टच ऑफ ईव्हिल' केलेले. एवढ्या ज्येष्ठ माणसाच्या हाताखाली, म्हणजे खरं तर डोक्यावर, हा पोरसवदा दिग्दर्शक. त्यात चित्रीकरण काचेच्या भिंतींच्या खऱ्या ऑफिसात. दिवे लावायचे कुठे आणि प्रतिबिंबं टाळायची कशी? मेटी निर्मात्यांकडे जाऊन कुरकुरले, आणि निर्माते मात्र पोराच्या मागे उभे राहिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी स्पीलबर्गचा 'ड्युएल' आला.

या भागातली आणखी एक खूण. खुनी आणि बळी ही रहस्यकथा लिहिणाऱ्यांची जोडी आहे. त्यातला एक खरं लिहितो, दुसरा फक्त मिरवतो. आणि हे ज्यांच्या मालिकेत घडतं ते लेव्हिन्सन आणि लिंकही शाळेपासून एकत्र लिहिणारी जोडीच. लेव्हिन्सन १९८७ मध्ये वारले, तोपर्यंत दोघांनी एकत्रच काम केलं.

मीनल

सगळे प्रतिसाद एका दमात वाचले. एक शंका: कोलंबोचं पहिलं नाव काय? कुठे 'फ्रँक' वाचलंय, कुठे 'फिलिप'.

रातकिडा

मीनल, तुम्ही नेमका माझा सर्वात आवडता किस्सा उकरून काढलात. ऐसपैस लिहितो.

लेखकांनी त्याला पहिलं नाव दिलंच नव्हतं. कुणी विचारलं तर कोलंबो म्हणणार, "लेफ्टनंट." पण पहिल्या पर्वातल्या 'डेड वेट' या भागात तो ओळखपत्र दाखवतो आणि पडद्यावर ते जवळून दिसतं. त्यावर 'फ्रँक कोलंबो' अशी सही आहे. तेव्हा घरी चित्र थांबवून बघायची सोय नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात येईल असं बहुधा कुणालाच वाटलं नसावं. डीव्हीडी आल्यावर लोकांनी ते बरोबर पकडलं.

'फिलिप' मात्र निव्वळ बनावट, आणि मुद्दाम केलेली. फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी सत्तरच्या दशकात किरकोळ माहितीचे कोश काढले. आपली मेहनत कुणी उचलली तर कळावं म्हणून त्यांनी एक खोटी नोंद पेरून ठेवली: कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. हे जगात दुसरीकडे कुठेच सापडणार नाही, कारण ते वर्थ यांच्या डोक्यातून निघालेलं. नंतर 'ट्रिव्हियल पर्सूट' हा प्रश्नमंजुषेचा खेळ आला, तुफान खपला, आणि त्यातल्या एका कार्डावर उत्तर छापलेलं होतं, फिलिप!

वर्थ यांनी १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. चोर रंगेहाथ सापडला असंच कुणालाही वाटेल. खेळाच्या निर्मात्यांनी त्यांच्या पुस्तकातून माहिती घेतल्याचं नाकारलंही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही बऱ्याच पुस्तकांतून माहिती गोळा केली, त्यातलं हे एक. आणि न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. वस्तुस्थितीवर कुणाचाही स्वामित्वहक्क नसतो, फार तर ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, आणि पुस्तकातली वर्णानुक्रमे लावलेली मांडणी कुठे, खेळातली कार्डं कुठे. १९८७ मध्ये अपिलातही हाच निकाल कायम राहिला.

कोलंबो स्वतः असाच सापळा लावतो आणि खुनी त्यात अडकतो. वर्थ यांच्या सापळ्यात शिकार सापडली, पण न्यायालयानं ती सोडून दिली. मला त्या निकालामागचा विचार पटतो, पण वर्थ यांच्याबद्दल वाईटही वाटतं. असे कोश जमवायला माणसाचं आयुष्य जातं.

निशिगंध

फिलिपचा किस्सा घरी वाचून दाखवला. सगळे थक्क.

जुना खेळाडू

थोडा वेगळा सूर लावतो. मालिका मला आवडते, पण सरसकट कौतुक नको. १९८९ नंतरचे बरेचसे भाग मला लांबवलेले वाटतात. फॉक स्वतःच्या सवयींचीच नक्कल करतोय असं कधीकधी जाणवतं. सत्तरच्या दशकातली धार त्यात नाही.

'मिसेस कोलंबो' तर विसरलेलीच बरी. १९७९ मध्ये 'एनबीसी'नं कोलंबोच्या बायकोवर वेगळी मालिका काढली, केट मल्ग्रूला घेऊन. लेव्हिन्सन-लिंक यांचा विरोध होता, आणि बरोबरच होता. त्या बाईचं सगळं अस्तित्वच नवऱ्याच्या बोलण्यात आहे. ती अमक्याची चाहती आहे, तिनं तमकं पुस्तक वाचलंय, तिच्या भावाला त्यातलं कळतं. हे सगळं खरं की खुन्याला बोलतं करायची थाप, हा संशय आपल्या मनात राहायला हवा. तिला समोर आणून उभी केली की सगळी मजाच गेली. प्रेक्षकांनाही ते रुचलं नाही. मधेच मालिकेचं नाव बदललं, तरी १९८० मध्ये ती बंद पडलीच.

एका बाबतीत मात्र वाहिनीला दाद देतो. नायक पहिली वीस मिनिटं दिसतच नाही, याला 'एनबीसी'तल्या लोकांनी आधी आक्षेप घेतला होता, पण शेवटी ते तसंच राहू दिलं. आजच्या वाहिन्यांनी तर संहिता तिथेच परत केली असती.

अनवट

बायकोबद्दल शंभर टक्के सहमत. नंतरच्या भागांबद्दल अर्धा सहमत. 'अजेंडा फॉर मर्डर' १९९० चा आहे आणि तो मला जुन्या भागांच्या तोडीचा वाटतो. त्यात खुनी पॅट्रिक मॅकगूहन.

मॅकगूहनवरून आठवलं. त्यानं एकूण चार वेळा खुन्याची भूमिका केली, शिवाय पाच भाग दिग्दर्शित केले. आणि खुनी म्हणून दोनदा दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार पटकावला. पहिला 'बाय डॉन्स अर्ली लाइट'साठी, १९७४ चा भाग. तो दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या 'द सिटाडेल' या खऱ्या लष्करी महाविद्यालयात चित्रित झाला. दुसरा याच 'अजेंडा'साठी. फॉकला या भूमिकेसाठी चार एमी मिळाले, त्यातला चौथा १९९० चाच.

सुमेधा_क

पाहुण्या कलाकारांचा विषय निघालाच आहे तर 'एट्यूड इन ब्लॅक' परत घेते. त्यातला खुनी वाद्यवृंद-संचालक म्हणजे जॉन कासाव्हेटिस, फॉकचा जिवलग मित्र. दोघांनी एकत्र सिनेमे केले. कासाव्हेटिसच्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'ला कुणी पैसे देईना, तेव्हा फॉकनं स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या पोलिसाच्या जिवावर अमेरिकेतला एक फार मोठा स्वतंत्र सिनेमा उभा राहिला. हे मला या सगळ्या किश्श्यांमध्ये सर्वात मोलाचं वाटतं. त्याच भागात खुन्याच्या बायकोच्या भूमिकेत ब्लाइथ डॅनर आहे आणि चित्रीकरणाच्या वेळी ती गरोदर होती. पोटात होती ती पुढे अभिनेत्री झालेली ग्विनेथ पॅल्ट्रो.

लेनर्ड निमॉयचा 'अ स्टिच इन क्राइम'ही चुकवू नका. निमॉय हृदयशल्यविशारद. कोलंबो कायम नमतं घेऊन बोलणारा, पण इथे निमॉय त्याच्या तोंडावर हसतो आणि कोलंबो हातातलं पाण्याचं भांडं टेबलावर दणकन आपटतो. आवाज चढतो. सबंध मालिकेत इतका चिडलेला तो क्वचितच दिसतो, म्हणून अंगावर येतं.

टंकलेखक

फॉकला दिग्दर्शनही करायचं होतं. युनिव्हर्सल तयार नव्हतं. बऱ्याच ओढाताणीनंतर पहिल्या पर्वात एक भाग दिला, 'ब्लूप्रिंट फॉर मर्डर'. नेमका तोच, ज्यात उघड्यावर मोठ्या इमारतीच्या बांधकामावर चित्रीकरण होतं. आवाज, धूळ, यंत्रं, आणि कॅमेऱ्यापुढेही स्वतःच. त्यानंतर कोलंबोचा एकही भाग त्यानं दिग्दर्शित केला नाही.

त्या पर्वात सातच भाग झाले, कारण 'मॅकक्लाउड', 'मॅकमिलन अँड वाइफ' आणि 'कोलंबो' या तीन मालिका एकाच वेळेला आळीपाळीनं दाखवत. दर आठवड्याला भाग पाडायचा नसल्यामुळेच एवढं घोटून काम करता आलं, असं माझं मत आहे.

डॅन्यूबकाठी

मी बुडापेस्टमध्ये असतो, कामानिमित्त. इथे कोलंबोचा पुतळा आहे! जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या फॉक मिक्सा रस्त्याच्या टोकाला, मार्गारेट पुलापासून जवळ. २०१४ मध्ये बसवला. कांस्याचा, माणसाच्या उंचीचा, चौथरा नाही, सरळ फुटपाथवर उभा. एक हात कपाळाशी, विचारात पडलेला, आणि समोर कुत्रा मान वर करून त्याच्याकडे बघतोय. ज्यांच्या नावानं रस्ता आहे ते मिक्सा फॉक एकोणिसाव्या शतकातले हंगेरियन लेखक आणि राजकारणी. पीटर फॉकशी त्यांचं नातं असल्याचं इथे सांगतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. पुतळ्याशी फोटो काढायला कायम कुणी ना कुणी असतंच. आमच्या ऑफिसातल्या हंगेरियन काकूंना सगळे भाग तोंडपाठ आहेत.

पूर्व युरोपात ही मालिका फार बघितली जायची. फॉकनं आपल्या आठवणींत रुमानियाची गोष्ट सांगितलीय. तिथे उपलब्ध भाग संपले, लोकांना वाटलं सरकारनंच मालिका बंद केली. मग अमेरिकी परराष्ट्र खात्यामार्फत विनंती आली, आणि फॉकनं रुमानियन भाषेत, उच्चार घोकून, लोकांसाठी निवेदन रेकॉर्ड केलं की जरा धीर धरा, नवे भाग येतायत.

पावसाळी

किती गोड आहे हे! जपानमध्येही असंच वेड आहे. १९९४ मध्ये तिथे 'फुरुहाता निन्झाबुरो' ही मालिका आली, ती उघडउघड कोलंबोच्या वळणावर, खुनी आधी दाखवणारी. आणि विम वेंडर्सच्या 'विंग्ज ऑफ डिझायर' या चित्रपटात फॉक स्वतः म्हणूनच आहे. बर्लिनच्या रस्त्यावरची पोरं त्याला बघून कोलंबो, कोलंबो करतात.

मीनल

आता बघायला सुरुवात करायचीच. पहिल्या भागापासून क्रमानं बघू की एखादा निवडक आधी?

जुना खेळाडू

क्रमाची गरज नाही, प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. 'नाऊ यू सी हिम'नं सुरुवात केलीत तरी चालेल. जॅक कॅसिडी जादूगार झालाय. शिवाय त्यात बायकोनं कोलंबोला नवा कोट घेऊन दिलाय, आणि नव्या कोटात त्याला विचारच सुचत नाही. तो बिचारा कोट कुठेतरी विसरून यायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी कुणीतरी प्रामाणिक माणूस तो आणून देतो.

रातकिडा

माझं मत 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'ला. १९७३ चा, डोनल्ड प्लेझन्स वाइननिर्माता. खुनी आणि कोलंबो यांना एकमेकांबद्दल खरा आदर वाटतो असा हा भाग आहे. अनवट, तुमच्या बाजूचा एक पुरावाही यातच आहे. कोलंबो फोनवर ताटकळत असताना 'धिस ओल्ड मॅन' हे बालगीत गुणगुणतो, ते संहितेत नव्हतं. फॉकनं ऐन वेळी घातलं आणि पुढे ते कोलंबोचं गाणंच होऊन बसलं.

अनवट

हा पुरावा मी ठेवून घेतो, रातकिडा! मीनल, 'एनी ओल्ड पोर्ट'च बघा आधी. शेवटचा गाडीतला प्रसंग नीट बघा, दोघांच्या हातातले ग्लास आणि वाइनची निवड. त्यावर इथे बोलू. आणि 'स्वान साँग' बघितलेलं कुणी असेल तर लिहा, गायक जॉनी कॅश खुनी आहे त्यात, आणि त्याच्या गाण्यांबद्दल मला जाणकारांकडून ऐकायचंय.

मीनल

ठरलं. शनिवारी रात्री बघते आणि लिहिते.